साध्या मीटरच्या वायरी

"साधा मीटर हजार व्होल्टपर्यंतच. त्याच्या वर मोजायला गेलं की आधी मीटर जातो, मग माणूस," नवऱ्याचे उस्ताद एकदा आमच्याकडे म्हणाले होते. मी हसून म्हटलं होतं, "काका, उगाच घाबरवू नका हो."

नवरा एक्स-रे मशीनचे पॉवर सप्लाय दुरुस्त करतो. हजारो व्होल्ट मोजायला मीटरला जोडतात तो त्याचा हाय व्होल्टेज प्रोब सोमवारी तडकला. "नवा मिळेपर्यंत मशीनला हात लावणार नाही, बाळाची शपथ," असं त्याने मला फोनवर सांगितलं. मी आईकडे, चार तासांवर. महिन्याच्या बाळाला मांडीवर घेऊन आज सकाळपासून तिकडच्या दुकानादुकानांत फोन करून प्रोब शोधतेय. सगळे पंधरा दिवस थांबा म्हणतात. शेवटचा दुकानदार मात्र नवऱ्याचं नाव ऐकून हसला.

"अहो ताई, ते सकाळीच येऊन गेले की! दवाखान्यात पेशंट खोळंबलेत म्हणाले. साध्या मीटरलाच लांब वायरी घेतल्या. भागवतो म्हणाले."

तेव्हापासून नवऱ्याचा फोन नुसता वाजतोय.

स्टेशनमागे लाँड्रीच्या वर त्याची कामाची खोली आहे. जवळ असाल तर जाऊन बघा. आधी मेन स्विच पाडा, मग दारातूनच हाक मारा. आणि मेन पाडला तरी मशीनमध्ये वीज साठून राहते, म्हणून त्याने ओ दिल्याशिवाय त्याला हात लावू नका.