हसरा लाभार्थी

मधुसूदनने डाव्या हाताने खरडलेला अर्ज विद्याधरने दोनदा वाचला, होती तशी घडी घातली आणि परत बहिणीच्या पुढ्यात ठेवला.

"ताई, चहा घेशील ना? भावजी, तुमचा बिनसाखरेचाच?"

"आधी सही," अंबिका म्हणाली.

विद्याधर तिचा धाकटा भाऊ. मानिक चौकातल्या या माडीवर बसून तो अर्ध्या झाशीला विमा विकत असे. भावजींना, म्हणजे अंबिकेच्या नवऱ्याला, विकलेली पॉलिसी साधी होती: अपघाताने काम थांबलं, तर वर्षभर दरमहा निम्मी कमाई. विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या माणसाची सगळी इस्टेट दहा बोटांत असते, हे विद्याधरनेच पटवून दिलं होतं, आणि मधुसूदनने चार वर्षांत एक हप्ता चुकवला नव्हता. मग कूलरच्या पात्याने उजवं मनगट चिरलं, बोटं मिटेनाशी झाली आणि महिनाअखेरीस खरोखरच पैसे आले. त्या दिवशी मधुसूदनने मेहुण्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

दुसऱ्या महिन्यात पैशांऐवजी पत्र आलं. दावेदार चौकातल्या फलकावर दोन्ही हातांनी काम करताना आढळले, शिवाय प्रसन्न दिसतात, असं कंपनीच्या तपासनिसाने कळवलं होतं. सबब दावा बंद.

फलक खिडकीतून दिसत होता. खरं तर खिडकीतून दुसरं काही दिसतच नव्हतं. वीस फुटी मधुसूदन वाइंडिंगच्या यंत्राचा दांडा दोन्ही मुठींत धरून हसत होता आणि खाली लिहिलं होतं, 'हादसा हुआ, कमाई नहीं रुकी'. पहिले पैसे आले त्याच संध्याकाळी विद्याधर फोटोवाल्याला घेऊन दुकानात हजर झाला होता. "पट्टी काढा भावजी, लोक घाबरतात." बोटं मिटेनात, तेव्हा अंबिकेनेच ती एकेक करून दांड्याभोवती वळवून दिली होती आणि फोटोत येऊ नये म्हणून बाजूला सरकली होती.

कंपनीला लिहिलेल्या अर्जात विद्याधरच्या तोंडी एवढंच होतं, की हा फोटो मी जुळवून काढून घेतला, तेव्हा यांचा हात चालत नव्हता. खाली विद्याधरच्या सहीसाठी जागा सोडली होती.

"असं लिहून दिलं, तर खोटी जाहिरात केली म्हणून माझी एजन्सी जाईल, ताई."

"खोटं कोण लिहायला सांगतंय? हात चालत नव्हता, हे खरंच आहे ना?"

"तेच तर. जाहिरातीत चालतोय."

मधुसूदनला यातली मेख ताबडतोब कळली. कळली, याचाच त्याला जास्त राग आला.

"विद्या, या महिन्याचं भाडं गेलं नाही तर दुकान सोडावं लागेल," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, सहा महिन्यांनी बोटं मिटायला लागतील. तेव्हा मिटून करू काय? टाळ्या वाजवू?"

"भावजी, जरा समझा करो. माझीही रोजीरोटी आहे."

"मग तूही घे ना तीच पॉलिसी," अंबिका म्हणाली. "एजन्सी गेली, तर निम्मी कमाई घरी."

"काम सुटलं तर ती लागू नसते, ताई. हातपाय निकामी झाले तरच," विद्याधर सवयीने बोलून गेला आणि टेबलाच्या काचेवरची न दिसणारी धूळ पुसू लागला.

अंबिकेने त्याच्या पुसणाऱ्या हाताकडे बघितलं.

"चालतोय की छान. मला वाटलं, सही करता येत नसेल."

चहा आला. त्यावर साय धरली. अंबिकेने अर्ज उचलून पिशवीत टाकला आणि ती उठली.

"भाऊबीजेला येतो मग," विद्याधर जिन्यापर्यंत आला.

"ये. फोटोवाला आणू नकोस."

खाली प्रेम नगरला जाणारी ई-रिक्षा नेमकी फलकाच्या सावलीत उभी होती. मधुसूदन आत बसला. रिक्षा हलली की तोल जायचा, म्हणून अंबिकेने त्याचा उजवा हात उचलला आणि बोटं एकेक करून पुढच्या दांडीभोवती वळवली. मग वर आपला हात दाबून धरला.

रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याने मान बाहेर काढून फलक पाहिला, पुन्हा आरशात पाहिलं.

"भैया, जे ऊपर आपई हो न?"

"हां."

"हम भी सोच रए थे. गाड़ी खड़ी हो जाए, तो घर में और कोई कमाने वाला नइयाँ." त्याने फलकाकडे बोट केलं. "बीमा ठीक है जे?"

माडीच्या खिडकीत विद्याधर उभा होता. मधुसूदनने वर पाहिलं नाही.

"करवा लो," तो म्हणाला. "जरूर करवा लो. बस, किसी अनजान आदमी से करवाना."