रिकाम्या खोलीतला होकार

लातूरच्या क्लासमध्ये मृत्युंजय सरांचे धडे ऑनलाइन कोर्ससाठी रेकॉर्ड झाले. आता सरांना घरी बसवायचं ठरलं. संस्थाचालकांनी निरोपाची शालही आणून ठेवली. पोरांनीच सर मागितले, तरच वर्ग चालू राहणार होता.

रिकाम्या खोलीत कॅमेऱ्यापुढंही सर सवयीनं थांबून विचारत, “कळलं का, लेकरांनो?”

एडिटिंग करणाऱ्या मंजुश्रीला त्या शांततेत घोळक्यानं “हाव सर!” ऐकू आलं. तिनं तीनदा कापलं, तीनदा ते परत आलं.

“सर, खोलीत कोण व्हतं?”

“कुणीबी न्हाई. राहू दे बाई, तीस वर्षांत एवढं एका सुरात कुणी बोललं न्हाई.”

तो होकार तसाच ठेवून कोर्स अपलोड झाला. सर वर्गात गेले. संस्थाचालक दारात कान देऊन उभे.

“मी राहू का, लेकरांनो?”

“हाव सर!” म्हणायला ऐंशी तोंडं एकदम उघडली, मिटली. ऐकू आला तो फक्त पंखा.