उंबऱ्यातला पेला

दार वाजलं. नास्तासिया पाण्याचा पेला घेऊन लगबगीनं उठली आणि कडी काढली. बाहेर कोणी नव्हतं. पायऱ्यांवर राख साचली होती, मऊ, करडी, आणि तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. ती पेला उंबऱ्यात ठेवून आत आली.

ज्वालामुखीचा डोंगर फुटल्यापासून हे असंच चाललं होतं. डोंगर तसा कितीतरी लांब, खाडीपलीकडे. पण त्याची राख आभाळभर पसरली आणि अलास्कातली विमानं जागच्या जागी बसली. आमच्या गावाला रस्ता नाही. नदीचा बर्फ कुजलेला, त्यावरून ना स्लेज जाते ना त्यातून होडी. दुकानातली कॉफी संपली, दूध संपलं. लोक वाळवलेला सॅल्मन मासा सीलच्या तेलात बुडवून खात आणि विमानवाल्यांच्या नावानं बोटं मोडत. नास्तासियाला त्याचं काही नव्हतं. तिचा मुलगा आंगायाक अँकरेजच्या विमानतळावर, मालाच्या शेडमध्ये, पेटीत पडून होता.

पोरगा दारूपायी वाया गेला होता. शेवटचा आला तोही झिंगूनच, भर थंडीत, ह्याच दारात. "आई, पाणी दे गं," एवढंच म्हणाला. नास्तासियाचं डोकं फिरलं. "या घरात तुला पाण्याचा थेंब मिळणार नाही!" असं ओरडून तिनं कडी लावून घेतली. तो बराच वेळ दार वाजवत राहिला, मग वाजवायचा थांबला आणि सकाळच्या विमानानं अँकरेजला निघून गेला. त्यानंतर आली ती तो शहरातल्या रस्त्यावर गारठून गेल्याची बातमी.

मेलेल्या माणसाला सगळ्यात जास्त छळते ती तहान, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून तो दार वाजवत होता. तो डोंगरही आपल्याच शब्दानं फुटला, असं म्हातारीच्या मनानं घेतलं होतं. जित्या लेकाला दारातून हाकललं, आता मेलेल्याची वाट बंद झाली.

दार पुन्हा वाजलं. ती धावली, कडी काढून तिनं उंबऱ्यातला पेला उचलला. या वेळी दारात खरंच माणूस होतं. गावचा दवाखाना सांभाळणारी ओल्गा धापा टाकत उभी होती.

"पोरी, बूट चढव आणि चल. लूसीला कळा सुरू झाल्यात."

ओल्गा तिशीची आणि नास्तासिया सत्तरीची. पण नास्तासियाचा बाप गेला आणि पाठोपाठ ओल्गा जन्मली, तेव्हा त्याचं आमच्या भाषेतलं नाव तिला मिळालं; ओल्गा हे नुसतं कागदावरचं. नावाबरोबर मेलेलं माणूसच परत येतं, म्हणून नातंही मिळतं; मुलगा की मुलगी, हे नाव बघत नाही. त्यामुळे म्हातारी तिला बाबा म्हणे, आणि ओल्गा लहानपणापासून तिच्यावर हक्कानं डाफरे.

"लूसी इथं कशी? ती बाळंतपणाला बेथेलच्या मोठ्या दवाखान्यात जाणार होती ना?"

"कशावर बसून जाणार? कावळ्यावर? बाळ आडवं आहे. मी नुसतं पुस्तकात वाचलंय, तू कितीतरी बाळं हातानं वळवलीयेत."

"बाबा, मला सुतक आहे. माझा मुलगा अजून मातीत गेला नाही. असल्या हातानं बाळंतिणीला शिवलं तर बाळ दगावतं. मी एकाला मारलंय, दुसऱ्याला नको."

ओल्गानं तिच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं. मग उंबऱ्याच्या आत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझा बाप सांगतोय. चल."

बापाचा शब्द नास्तासियानं कधी मोडला नव्हता. ती निघाली. पेला खाली ठेवायचंही भान तिला राहिलं नाही.

लूसीच्या पोटावर तिचे हात फिरले आणि ओळखीची वाट सापडल्यासारखे चालत राहिले. बाळ वळलं. बाहेरही आलं. पण रडलं नाही. ओल्गा त्याची पाठ चोळत होती, तळवे चोळत होती, तरी अंग निळंच. नास्तासिया मागे सरकत भिंतीला टेकली. "मी शिवले," ती पुटपुटत होती, "मी शिवले."

लूसीनं उशीवरून मान उचलली. "आजी, ओठाला पाणी लावून त्याला नाव घेऊन हाक मार. आंगायाक म्हण. आम्ही तेच ठरवलंय, गावातून शेवटचा तोच गेला ना."

"तो माझ्या हातचं घ्यायचा नाही गं."

"पोरी!" ओल्गा ओरडली.

नास्तासिया पुढे झाली. लूसीच्या उशाशी ठेवलेल्या पेल्यात बोट बुडवलं आणि त्या निळ्या ओठांवर टेकवलं. "आंगायाक," ती म्हणाली, "चुकले रे मी. घे."

ओठ हलले. छाती वर आली. मग असा टाहो फुटला, की बाहेर बांधलेले कुत्रे भुंकायला लागले. तिनं दुसरा थेंब दिला, तर त्या इवल्या तोंडानं तिचं बोटच धरून ठेवलं. नास्तासियाला रडू आवरेना.

ओल्गानं बाळाला पुसून गुंडाळलं. मुलगी होती.

तेवढ्यात खिडकीतला बिनतारी रेडिओ खरखरला. आभाळ निवळतंय, उद्या पहिलं विमान सुटणार, असं कोणीतरी सांगत होतं. "नास्तासियाला निरोप द्या, तिच्या मुलाला आणताहेत."

ओल्गानं रेडिओचा माईक उचलला आणि म्हातारीकडे पाहिलं. नास्तासियानं मांडीवरच्या पोरीचं दुपटं सारखं केलं.

"सावकाश आणा म्हणावं, बाबा," ती म्हणाली. "त्याचं पाणी पिऊन झालंय."