गाढवाचा पाय

परदेशात लेकीकडे करमेना, म्हणून आई गावाबाहेरच्या बेवारस जनावरांच्या आश्रमात बिनपगारी राबू लागली. तिथल्या म्हाताऱ्या गाढवाला वाढलेल्या खुरांमुळे चालवत नव्हतं, पण ते कुणाला पाय धरू देईना. आज खूर तासले नाहीत, तर त्याला कायमचं झोपवायचं ठरलं होतं. लाथा चुकवत, मराठीत गप्पा मारत आई महिनाभर त्याचे पाय चोळत आली होती. आता तिनं एक पाय उचलून मांडीवर घेतला. गाढवानं सगळा भार तिच्यावर टाकला. “सोड, आई. त्याला तुझी भाषा तरी कळते का?” सोबत आलेली लेक कळवळली. “तुझ्या बापाला कुठे कळायची? संसार झालाच ना.” खूर तासणाऱ्याची कानस फिरत राहिली. आईचा गुडघा थरथरला, पण मांडी हलली नाही. अखेर पाय खाली टेकला. “झालं एकदाचं. चल घरी, आई.” “अगं, अजून तीन राहिलेत.”