चाल रे बाबा

नव्या डायलिसिस मशीनच्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'चाल रे बाबा', आणि मशीन बसवायला आलेल्या हर्षलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती ओळ तिनेच प्रोग्रॅममध्ये घातली होती, चूक शोधताना, वैतागून. ओळ असली की प्रोग्रॅम सुरळीत चाले. ती काढून प्रोग्रॅम पुन्हा चालवला की मशीनचे आकडे भरकटत. कारण सापडेना, तेव्हा पडद्यावर दिसणार नाही अशी सोय करून तिने ओळ तशीच ठेवली होती.

"पोरी, आम्हीही रोज हेच म्हणतो," डायलिसिससाठी आलेले काटकर आजोबा हसले आणि सुईसाठी त्यांनी सिस्टरपुढे हात केला.

हर्षलाला वर बघवेना. "सिस्टर, थांबा. यात चूक आहे. मला माहीत होती, मी झाकली."

आजोबांनी बाही खाली ओढली आणि ते जुन्या मशीनकडे निघाले.