कोणाला काय दिसतं

काउंटरवर मोबाईल ठेवत कानिफनाथतात्या म्हणाले, “ते व्हीपीएन चालू व्हतं अन् दोन मिन्टांत बंद पडतं. बघ जरा.”

अश्विनीनं हातातलं काम बाजूला सारलं. शेवगावात बाजार समितीच्या रस्त्यावर तिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. गावाकडची माणसं फुटलेली स्क्रीन घेऊन येत, चार्जिंग होत नाही म्हणून येत. सत्तरीला टेकलेल्या, टोपीवाल्या माणसाच्या तोंडून व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर आपण कुठून आणि कुणाशी बोलतो ते झाकणारं ॲप, हा शब्द ती पहिल्यांदाच ऐकत होती.

आणि तो माणूस निकिताचा बाप होता.

निकिता अश्विनीची कॉलेजातली मैत्रीण. दीड वर्षापूर्वी तिनं सम्राटशी जातीबाहेर लग्न केलं आणि दोघं जिल्हा सोडून गेली. तिचा भाऊ करण तेव्हा दोस्तांना घेऊन जीपनं चार तालुके हिंडला होता. तात्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, आपल्याला मुलगी नव्हतीच. निकिता कुठं राहते हे अश्विनीला माहीत होतं. ते तिनं स्वतःच्या आईलाही सांगितलं नव्हतं.

मोबाईल जुना होता. बॅटरी वाचवायच्या सेटिंगमुळं स्क्रीन बंद झाली की व्हीपीएनही बंद पडत होतं. अश्विनीनं ते सेटिंग काढलं, ॲप पुन्हा जोडून दाखवलं. हे कुणी टाकून दिलं, असं तिनं सहज विचारलं. घरातल्याच लेकरानं, असं तात्या म्हणाले. मग रस्त्याकडं बघत त्यांनी विचारलं, “हे चालू असलं की माझं गाव कुणाला दिसत न्हाई ना?”

“नाही दिसत.”

“अन् समोरचा कुठं हाय, ते कळतं का?”

अश्विनीनं मान वर केली. त्यांचा चेहरा कोरा होता. तसं काही कळत नाही, असं तिनं सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

तीन दिवसांनी निकिताचा फोन आला. ती नेहमी वेगवेगळ्या नंबरवरून बोलायची. सातवा महिना लागला होता, पाय सुजत होते. बोलता बोलता म्हणाली, इन्स्टावर कुणी अनोळखी बाई सारखी ओळख काढायला बघते, कुठं असता, दवाखाना कोणता, विचारते.  अश्विनीनं त्या बाईला ब्लॉक करायला सांगितलं. तात्या दुकानात येऊन गेल्याचं मात्र सांगितलं नाही. या दिवसांत तिला कशाला घाबरवायचं?

दुसऱ्याच दिवशी तात्या पुन्हा आले. आता घरच्या वायफायवर ॲप जुळत नव्हतं. वायफाय करणनं बसवलं होतं, त्याचा सगळा कारभार त्याच्याच हातात होता, आणि त्यांच्या वस्तीवर मोबाईलला रेंज येत नव्हती. बोलता बोलता तात्यांनी विचारलं, आपण कुणाला फोन लावतो ते वायफायवाल्याला दिसतं का, आणि व्हीपीएन असलं तर काय दिसतं. अश्विनीनं उत्तरं दिली, पण तिचं मन दुसरीकडंच होतं. खोटं नाव, लपवलेलं गाव, दवाखान्याची चौकशी. बाप आणि भाऊ मिळून हे करत असणार, याबद्दल तिला आता शंका उरली नाही.

तिनं मोबाईल हातात घेतला, दुरुस्त करते म्हणाली, आणि ॲप काढून टाकलं. खात्याची माहितीही पुसली.

“तात्या, हा फोन फार जुना झालाय. यात हे आता चालायचं नाही.”

“दुसरा काहीच मार्ग न्हाई?”

“नाही.”

तात्या बराच वेळ बाकावर बसून राहिले. चहा मागवते म्हटलं तर नको म्हणाले. उठताना त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर रेटले. अश्विनीला त्यांची कीव आली, पण ती तिनं मनातच ठेवली. त्या संध्याकाळी दुकान बंद करताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. एका बाईचा आणि तिच्या पोटातल्या बाळाचा ठावठिकाणा तिनं राखला होता.

आठवड्यानं तात्या आणखी एकदा येऊन गेले. परत बघ, म्हणाले. तिनं बघितल्यासारखं केलं आणि फोन परत दिला. या वेळी ते बसलेही नाहीत.

त्यानंतर चार दिवसांनी भरदुपारी निकिताचा फोन आला. तिचा आवाज बसलेला होता. अश्विनीनं तब्येतीचं विचारलं. तब्येत बरी आहे म्हणाली.

“अश्विनी, एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. आमचं तसं ठरलंच होतं, कुणालाच सांगायचं नाही. सहा महिने झाले, तात्या माझ्याशी रोज बोलतात. वायफायवर दादा सगळं बघतो, साध्या कॉलचे नंबरही तपासतो, म्हणून ते व्हीपीएन मीच फोनवरून सांगून सांगून त्यांच्याकडून टाकून घेतलं. ती इन्स्टावरची बाई म्हणजे दादाच आहे, हेही तुझ्याशी बोलले त्याच रात्री तात्यांनीच मला सांगितलं. आता अकरा दिवस झाले, त्यांचा फोन नाही. येणार होते गं ते, बाळंतपणाला. कुठं उतरायचं, कुणी घ्यायला यायचं, सगळं बोलायचं राहिलंय.”

अश्विनीनं हातातला स्क्रूड्रायव्हर काउंटरवर ठेवला.

“त्यांचा मोबाईल बिघडला असणार. एवढा दुरुस्त करून दे,” निकिता म्हणाली. “काही अडलं तर अश्विनीकडंच जा, ती माझीच आहे, असं मीच सांगून ठेवलंय त्यांना.”