नाताळच्या गाण्याची पहिली ओळ

केशवने ढोलकी पुढ्यात ओढली आणि हात थांबवला. गाण्याची पहिली ओळ कुणीच उचलली नाही.

"आता कोण म्हणन गा?" तो पुटपुटला.

सगळ्यांच्या नजरा पेटीमागे बसलेल्या विश्वनाथ साळवे यांच्याकडे गेल्या आणि लगेच खाली वळल्या. चर्चच्या या गायनमंडळात ते तरुणपणापासून होते. नाताळच्या आधी मंडळ घरोघरी गात फिरायचं आणि प्रत्येक दारात सुरुवात व्हायची ती त्यांनीच रचलेल्या गाण्याने. 'थंडीच्या या राती गोठ्यात उजेड आला' ही ओळ ते एकटे म्हणायचे. ढोलकी त्यानंतर. यंदा पावसाळ्यात त्यांच्या घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याभोवती मफलर असायचा आणि बोलणं हातांच्या खुणांवर आलं होतं.

मंडळातल्या एकाने ओळ म्हणून पाहिली. 'उजेड'वर चढताना त्याचा आवाज फाटला. दुसऱ्याने सूर नीट लावला, पण चाल सरळ करून टाकली.

"यंदा हे गाणं राहू द्या," कुणीतरी हळूच म्हणालं.

विश्वनाथ यांची बोटं पेटीवर तशीच होती.

तालीम त्यांच्याच घरी होती. आत स्वयंपाकघरात त्यांची बायको चारुशीला करंज्या लाटत होती आणि सून दीप्ती तळत होती. दीप्ती त्याच शहरातल्या जरीपटका वस्तीतली, बौद्ध घरातली. मुलाने, श्रीधरने, तिच्याशी लग्न ठरवलं तेव्हा विश्वनाथ भांडले नव्हते. फक्त लग्नाला गेले नाहीत. ती घरात आल्यावरही ते तिच्याशी थेट बोलत नसत. ती समोर उभी असली तरी बायकोला म्हणायचे, "तिले सांग, चहात साखर कमी टाकत जाय." दीप्तीही काही कमी नव्हती. "ते नाही बोलत, तं मी काहून बोलू?" असं तिने श्रीधरला पहिल्याच महिन्यात सुनावलं होतं. पुढे त्यांचा आवाजच गेला आणि बोलायचं ते राहूनच गेलं.

बाहेर तिसऱ्या माणसाने ओळ उचलली. दीप्तीने कढईतून झारा बाहेर काढला.

"चुकून राहिले ते. 'उजेड' असा एकदम नाही म्हणायचा. खालून हळूहळू वर न्यायचा."

"मग म्हण की तू," चारुशीला म्हणाली.

दीप्तीच्या वडिलांचा, धम्मदीप मेश्राम यांचा, भीमगीतांचा संच होता. जयंतीच्या मंचावर ती लहानपणापासून गायची. लग्नानंतर मात्र या घरात तिचं गाणं कुणी ऐकलं नव्हतं. तिने बाहेरच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि कढईसमोर उभ्यानेच ती ओळ म्हटली. तालमींच्या वेळी आतून ऐकलेली सासऱ्यांची चाल, त्यांच्याच मुरक्या.

बाहेर एकदम सामसूम झाली. दीप्तीने जीभ चावली. गॅस बारीक केला.

मग पेटीचा सूर आला. लांब, एकटाच. काळी पाच. मंडळातल्या कुणा पुरुषाची ती पट्टी नव्हती.

"दीप्ती, बाहेर ये वं," केशवने हाक मारली. "तुले सूर देऊन राहिले ते."

ती पदराला हात पुसत आली, पण बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि गायली. ओळ संपताच ढोलकी बरोबर जागेवर पडली. मागून सगळे उचलत गेले. विश्वनाथ यांनी मान वर केली नाही. ते फक्त पेटी वाजवत राहिले.

रात्री श्रीधर खुशीत होता. दीप्ती नव्हती.

"गाणारं कोणी उरलं नाही म्हणून मले घेतलं," ती म्हणाली. "एवढंच आहे ते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळ दीप्तीला घेऊन टेम्पोत बसून निघालं. पहिलं घर नेहमी पास्टरसाहेबांचं, सदर भागातलं. विश्वनाथ ड्रायव्हरशेजारी बसले होते. चौक आला तसा त्यांनी हात लांब करून दुसऱ्या रस्त्याकडे वळायला सांगितलं.

"भाऊ, पास्टरसाहेब तिकडं राहून गेले!" केशव मागून ओरडला.

विश्वनाथ यांनी न बघताच हात हलवला. चल, पुढे चल. बाजार लागला. गाड्यांवर दिवे लागले होते, स्वेटरांचे ढीग पडले होते, टेम्पो माणसांतून सरकत होता. जरीपटक्याचा बाजार दीप्तीने लगेच ओळखला. तिने शाल घट्ट ओढून घेतली.

बाजार संपला तिथे टेम्पो थांबला. पुढे दोन रस्ते फुटत होते आणि विश्वनाथ यांनी ते घर कधी पाहिलंच नव्हतं. ते वळले. सगळ्यांना ओलांडून त्यांनी नेमकं दीप्तीकडे पाहिलं आणि पंजा उलटा करून विचारलं, कुठे?

तिने शालीतून हात बाहेर काढला.

"डावीकडं, बाबा," ती म्हणाली. "निळ्या गेटाचं घर."

गेटची कडी वाजली तसे धम्मदीप बाहेर आले. अंगात स्वेटर, हातात टीव्हीचा रिमोट. आधी त्यांना मुलगी दिसली, मग पेटी, मग पेटी धरून उभा असलेला तो माणूस, ज्याला त्यांनी आजवर फोटोतच पाहिलं होतं. मागे सगळं मंडळ उभं होतं. धम्मदीप यांनी रिमोट खिशात कोंबला. मग त्यांनी हात जोडले.

"जय येशू, व्याहीबुवा," ते म्हणाले. "या नं. आत या."

विश्वनाथ यांनी पेटी केशवच्या हातात दिली. गळ्यावरचा मफलर सारखा केला आणि दोन्ही हात जोडले. त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हताच. तरी दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला स्वच्छ कळलं, ते 'जय भीम' म्हणाले होते.